स्टिअरिंग हलकं झालं, वजन कुठं गेलं?

(शहादा येथील जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाचा भाव आहे, शेतीपंपाची वीज आहे, आणि त्या दोघांच्या मधोमध 'छोट्या ट्रॅक्टरचं पॉवर स्टिअरिंग' असा एक विषय चिकटवलेला पाहून काही जणांना हसू आलं असेल. आम्हालाही आलं असतं. पण गेल्या काही हंगामांत आमच्या ओळखीच्या चार घरांत या एका गोष्टीपायी पैसा गेला, आणि आमच्यातल्याच एकाचा हात मोडला. तेव्हा आम्हीच आग्रह धरला की भावाचं बोलणं होणारच आहे, त्याआधी थोडा वेळ याला द्या.

आधी एवढं समजून घेऊ की हे आपल्या दारात आलं कसं. आपल्या भागात पूर्वी ट्रॅक्टर म्हणजे मोठा ट्रॅक्टर. तो भाड्यानं यायचा, नांगरटी करून जायचा. पेरणी, कोळपणी, वखरणी हे सगळं बैलावर. ट्रॅक्टर ज्याच्या मालकीचा त्याच्याकडं बागायत असायची, ऊस असायचा. कोरडवाहू कपाशी आणि दादरवाल्याला तो परवडत नव्हता. आता बैलजोडी सांभाळणं परवडेनासं झालं. चारा नाही, गडी नाही. पोळ्याला गल्ली भरून बैल निघायचे त्या गावात आज मोजक्या जोड्या निघतात. बैलाची ती जागा छोट्या ट्रॅक्टरनं घेतली. पंधरापासून अठ्ठावीस अश्वशक्तीपर्यंतचा, अंगानं अरुंद, कपाशीच्या दोन ओळींमधून पात न तुडवता जाणारा. म्हणजे हा ट्रॅक्टर मोठ्या ट्रॅक्टरचा धाकटा भाऊ म्हणून आला नाही, तो बैलाच्या जागी आलेला आहे. दिवसभर ओळीतून जायचं, बांधापाशी वळायचं, पुन्हा ओळीत शिरायचं. एका एकरात किती वेळा वळावं लागतं ते ज्यानं कोळपं धरलंय त्याला सांगायला नको. म्हणून या ट्रॅक्टरात स्टिअरिंग ही फार मोठी गोष्ट आहे, आणि म्हणूनच दुकानदार 'पॉवर स्टिअरिंग आहे' हे वाक्य सगळ्यात आधी सांगतो.

तो सांगतो ते खोटं नसतं. पण 'पॉवर स्टिअरिंग' या एका नावाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि जुनं साधं स्टिअरिंग धरलं तर तीन.

साध्या स्टिअरिंगात तुमच्या हातापासून पुढच्या चाकापर्यंत लोखंड असतं. स्टिअरिंगचा दांडा, खाली दातांची पेटी, पेटीतून बाहेर आलेला हात, त्याला दांडी, दांडीला चाक. जोर सगळा तुमचा. दुसऱ्या प्रकारात हेच लोखंड असतं, फक्त त्याला तेलाच्या दाबाची मदत दिलेली असते. मदत बंद पडली तरी लोखंड जागेवर आहे. तिसरा प्रकार म्हणजे हायड्रोस्टॅटिक. यात तुमचा हात आणि पुढचं चाक यांच्यामध्ये लोखंडाचा सांधाच नाही. मध्ये फक्त तेल आहे.

हे वाक्य पुष्कळांना खरं वाटत नाही. म्हणून एक सोपा दाखला. गुरांच्या डॉक्टरकडून दोन रिकाम्या पिचकाऱ्या आणा, सुया काढून टाका, दोन्हींच्या तोंडाला एक नळी जोडा आणि आत पाणी भरा. एक दाबली की दुसरीचा दट्ट्या बाहेर येतो. मध्ये दांडी नाही, साखळी नाही, तरी हुकूम पोहोचतो. हायड्रोस्टॅटिक स्टिअरिंग हेच आहे. स्टिअरिंगच्या दांड्याखाली एक मुठीपेक्षा थोडं मोठं यंत्र बसवलेलं असतं. काही मिस्त्री त्याला ऑर्बिट्रोल म्हणतात. त्याच्या आत एक तारा आहे सहा दातांचा, आणि तो ज्या कड्यात फिरतो त्याला खोबणी आहेत सात. दात एक कमी असल्यामुळं तारा फिरता फिरता कड्याच्या आत घिरट्याही घालतो, आणि प्रत्येक घिरटीला मोजून तेल पुढं ढकलतो. स्टिअरिंगचा एक पूर्ण फेरा म्हणजे सहा घिरट्या, म्हणजे बेचाळीस कप्पे तेल. हे मोजलेलं तेल पाइपातून पुढच्या आसावरच्या सिलिंडरात जातं आणि सिलिंडर चाकं वळवतो. इंजिनवर चालणारा पंप त्याला जोर पुरवतो. जोर पंपाचा, मोजमाप तुमच्या हाताचं.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत मिनेसोटामध्ये लिन चार्लसन नावाच्या माणसानं १९५०च्या दशकात या ताऱ्याच्या यंत्राला आकार दिला, चार-लिन या नावानं कंपनी काढली. पुढं ती ईटनकडं गेली. डेन्मार्कच्या डॅनफॉसनं तिकडं हेच तंत्र वाढवलं, आणि २०२१ साली ईटनचा हायड्रॉलिकचा धंदाच विकत घेतला. मोठ्या यंत्रांवर हे किती वर्षं चालू आहे. आपल्या बारक्या ट्रॅक्टरवर ते उशिरा उतरलं, एवढंच.

आता ते वागतं कसं ते बोलू. आमचं म्हणणं असं आहे की हे स्टिअरिंग बहुतेक वेळा बिघडत नाही. ते जसं आहे तसंच वागतं, आणि आपण साध्या स्टिअरिंगचा हिशोब लावून त्याला बिघडलं म्हणतो. किंवा त्याहून वाईट, त्याच हिशोबानं चालवतो.

पहिली तक्रार ऐकायला येते ती अशी: ट्रॅक्टर सरळ चाललाय आणि स्टिअरिंगची दांडी वाकडी. काल सरळ होती, आज तिरकी. लगेच माणूस डीलरकडं जातो. अहो, मध्ये तेल आहे. ताऱ्याच्या कडेनं, सीलच्या बाजूनं थेंब थेंब तेल इकडचं तिकडं जाणारच. त्यामुळं स्टिअरिंगला सरळ अशी कायमची जागाच नाही. पेरताना जो माणूस स्टिअरिंगच्या दांडीकडं बघून ट्रॅक्टर सरळ ठेवतो, त्याची ओळ सापासारखी जाणार. बघायचं ते पुढच्या टायरकडं आणि समोरच्या खुणेकडं. छोट्या ट्रॅक्टरची लांबी कमी, वळणं चटकन, त्यात स्टिअरिंग लोण्यासारखं. नवा माणूस जास्त फिरवतो, मग उलटं जास्त फिरवतो. थोडं फिरवायचं, ट्रॅक्टर ऐकेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा थोडं. दोन दिवसांत हात बसतो.

दुसरी गोष्ट. मोटारीचं किंवा जुन्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग वळण झालं की सोडून दिलं तर आपण होऊन थोडं सरळ होतं. हे होत नाही. आपल्याकडच्या छोट्या ट्रॅक्टरांत बहुतेक ठिकाणी जे येतं त्यात हात काढला की तेल दोन्हीकडून कोंडलं जातं आणि चाकं आहेत त्या वळणावर तशीच राहतात. बांधाशी वळताना सवयीनं स्टिअरिंग सोडलं की ट्रॅक्टर गोल फिरत राहतो. आम्ही अशी गोल कापलेली कपाशी पाहिली आहे. कपाशीच गेली तर ठीक. विहिरीच्या काठाला किंवा पाटाच्या कडेला ओळ संपत असेल तर? वळवलं तेवढं आपल्याच हातानं परत आणायचं.

तिसरं, एका बाजूला जास्त फेरे आणि दुसऱ्या बाजूला कमी. हे सगळ्या ट्रॅक्टरांत नसतं. जिथं सिलिंडरचा दांडा दोन्हीकडून बाहेर येतो तिथं दोन्ही बाजू सारख्या. जिथं दांडा एकाच बाजूनं बाहेर येतो तिथं हिशोब वेगळा. उदाहरण धरू. सिलिंडर आतून ४० मिलिमीटर, दांडा २० मिलिमीटर जाड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकणं २०० मिलिमीटर. दांड्याच्या बाजूनं भरायला साधारण १८८ सीसी तेल लागतं, दुसऱ्या बाजूनं २५१. खालचं यंत्र एका फेऱ्याला ६० सीसी देणारं असेल तर एकीकडं तीन फेऱ्यांहून थोडं जास्त, दुसरीकडं सव्वाचार. यात दोष कुणाचाच नाही. एका भावानं यासाठी सिलिंडर बदलून घेतला आणि नवाही तसाच वागला.

इंजिन मंद असताना स्टिअरिंग अडकल्यासारखं वाटतं, हीसुद्धा मोठी तक्रार. पुन्हा हिशोबच. पंप इंजिनच्या एका फेऱ्याला ४ सीसी तेल देतो असं धरा. अडीच हजार फेऱ्यांना मिनिटाला दहा लिटर झाले. आठशे फेऱ्यांवर इंजिन गुरगुरत असेल तर ३.२ लिटर, म्हणजे सेकंदाला ५३ सीसी. आणि स्टिअरिंगच्या एका फेऱ्याला लागतात ६०. तुम्ही सेकंदात एक फेरा मारायला गेलात की पंप मागं पडला. उरलेला जोर तुमच्या दंडातून. थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या किंवा सावकाश फिरवा. उभ्या ट्रॅक्टरवर, त्यातून डांबरी रस्त्यावर, स्टिअरिंग फिरवण्याची हौस तर नकोच. टायर घासतं, किंग पिनला पीळ बसतो.

आणि शेवटपर्यंत वळवून तिथंच दाबून धरू नका. 'चीं' असा आवाज येतो ना, तो पंपाचं तेल सुरक्षा-व्हॉल्व्हमधून जोरानं सुटल्याचा आवाज. दहा लिटर तेल शंभर बार दाबानं असं सुटत राहिलं तर त्याची उष्णता दीड किलोवॅटच्या वर जाते. पाणी तापवायची सळई असते तेवढी, आणि ती तुम्ही दोन-अडीच लिटर तेलात बुडवून ठेवलीय, तेही आपल्या वैशाखात. शेवटाला लागलं की स्टिअरिंग केसभर मागं घ्या, आवाज थांबतो.

आता त्या हाताची गोष्ट. ज्याचा मोडला तो समोरच बसलाय, नाव सांगायची गरज नाही. फाल्गुनात दादरचा कडबा भरून म्हसावदच्या वरच्या अंगानं, सातपुड्याच्या पायथ्याकडून, खाली येत होता. वीस वर्षं त्यानं जुना पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर चालवला. त्या ट्रॅक्टरची त्याला सवय अशी की उतार लागला की गिअर काढायचा, इंजिन बंद करायचं, डिझेल वाचवायचं. सवय तेव्हाही वाईटच होती; ट्रॉलीला ब्रेक नसतात. पण जुन्या ट्रॅक्टरात इंजिन बंद झालं तरी स्टिअरिंग तेच राहायचं, कारण मध्ये लोखंड होतं. या नव्या छोट्या ट्रॅक्टरवर त्यानं तेच केलं. रस्ता सरळ होता तोवर काही कळलं नाही. नाल्यापाशी वळण आलं, स्टिअरिंग फिरवलं, तर ते दगड झालेलं. त्याला वाटलं, आत काही तुटलं. एक हात काढून तो चावी शोधायला गेला. मागून कडब्याची ट्रॉली ढकलतेय. ट्रॅक्टर बाभळीत, ट्रॉली आडवी, कोपराचं हाड मोडलं. जीव वाचला, हे त्याच्या घरच्यांचं नशीब.

आत काहीच तुटलेलं नव्हतं. इंजिन बंद असतानाही हे स्टिअरिंग चालतं, अगदी तशी सोय करूनच ते बनवलेलं असतं. तेव्हा तो तारा हातपंप होतो. पंपाचं काम तुमचे हात करतात. किती जोर लागतो त्याचा आम्ही हिशोब केला. एका फेऱ्याला ६० सीसी, चाकं वळवायला चाळीस बार दाब, स्टिअरिंगच्या मध्यापासून कड २० सेंटिमीटर, तर कडेवर एकोणीस-वीस किलोचा जोर येतो. वजन जास्त असेल, जमीन धरत असेल, दाब ऐंशी बार लागला, तर चाळीस किलो. एका हातानं, घाबरलेल्या माणसाकडून, क्षणात हे होत नाही. दोन्ही हातांनी, अंग टाकून, आधीपासून माहीत असेल तर होतं. त्याला माहीत नव्हतं. पुस्तक आलं होतं ट्रॅक्टरबरोबर. ते प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात, पोरांच्या शाळेच्या दाखल्यांखाली.

तेव्हा उतारावर इंजिन बंद नाही, गिअर काढणं नाही. डिझेल संपून इंजिन बंद पडलं तरी हेच होणार. बंद पडलेला ट्रॅक्टर दुसऱ्याला बांधून ओढत आणायचा असेल तर मागच्या ट्रॅक्टरवर अंगात ताकद असलेला माणूस बसवा आणि माणसाच्या चालीनं आणा. आपण बारा वर्षांचं पोर बसवून देतो, 'नुसतं सरळ धर' म्हणून.

याहूनही एक बारीक गोष्ट आहे, आणि आम्हाला विचाराल तर तीच जास्त धोक्याची आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जाणता माणूस लगाम हातात घेऊन दोन पावलं टाकतो. घोड्याच्या तोंडातलं त्याला लगामातून कळतं. बैलाचा कासराही तसाच. बैल थकला, बुजला, पाय सांभाळून टाकायला लागला, की कासऱ्यातून हाताला समजतं. जुनं स्टिअरिंग असंच बोलायचं. खड्डा आला की हिसका, बॉल जॉइंट ढिला झाला की थरथर, टायरची हवा गेली की एका बाजूला ओढ. हायड्रोस्टॅटिक स्टिअरिंग यातलं जवळजवळ काही सांगत नाही. कोंडलेलं तेल हिसका तिथंच धरून ठेवतं. हाताला आराम मिळतो, आणि हात बहिरा होतो.

आणि जुन्या ट्रॅक्टरवर एक सूचना फुकट मिळायची. ट्रॉलीत माल जास्त झाला, किंवा वखर चिकण जमिनीत खोल रुतला, की पुढचा भाग उचलायला लागतो. त्या क्षणी साधं स्टिअरिंग अचानक हलकं व्हायचं. हलकं झालं की जुना चालक ताबडतोब क्लच दाबायचा. त्याला शिकवावं लागलं नव्हतं. या स्टिअरिंगात? हे तर सदाच हलकं. पुढची चाकं जमिनीला टेकलेली असोत की अधांतरी, हाताला सारखंच. तुम्ही वळवता, चाकं वळतातही, पण ट्रॅक्टर वळत नाही, कारण चाकांखाली जमीनच नाही. छोटा ट्रॅक्टर वजनानं मुळात हलका. त्याच्यावर हे चटकन होतं. स्टिअरिंग हलकं झालं म्हणून पुढच्या आसावरचं वजन वाढत नाही की घटत नाही. ते आहे तेवढंच आहे, फक्त हाताला लागत नाही. म्हणून पुढं वजनाचे ठोकळे लावायची जी सोय दिलेली असते ती वापरा. डीलरनं ते सुटे ठेवून घेतले असतील तर मागून घ्या.

हात सांगत नाही, मग डोळ्यांनी बघायचं. महिन्यातून एकदा पुढचा आस जॅकवर घ्या, चाकाला वरखाली, आडवं हलवा. किंग पिनचा बुश, टाय रॉडचे जोड, बेअरिंग, यांतला ढिलेपणा तिथं हाताला लागतो, स्टिअरिंगवर लागणार नाही. ग्रीस पुस्तकात लिहिलंय तेवढ्या तासांनी. टायरची हवा मापकानं, लाथ मारून नाही.

तेलाचं थोडं बोलतो. काही छोट्या ट्रॅक्टरांत स्टिअरिंगच्या तेलाची वेगळी टाकी असते, काहींत गिअरपेटी आणि लिफ्टचंच तेल इकडं फिरतं. तुमच्यात काय आहे ते आज घरी जाऊन बघा. तेल पुस्तकात लिहिलंय तेच. ब्रेक ऑइल चुकूनही नको; ते वेगळ्या जातीचं असतं, रबराचे सील फुगवून सोडतं, आणि मग तेल सगळीकडून गळतं. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो. मग स्टिअरिंग झटके देतं, फसफसतं, टाकीत फेस दिसतो. तेल भरा, इंजिन मंद ठेवा, दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत सावकाश पाच-सात वेळा फिरवा. हवा निघून जाते. एवढ्यासाठी शहाद्याला यायची गरज नाही.

गळती शोधायला मात्र बोट लावू नका. इंजिन चालू असताना पाइपाला सुईएवढं भोक असेल तर तेलाची धार कातडीतून आत शिरते. वर नुसता ठिपका दिसतो, आत हात सडतो, ऑपरेशनच करावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, त्याच्यावर डाग पडेल. असं कुणाला झालंच तर हळद लावून घरी बसू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

खालचं यंत्र उघडणं हे प्रत्येक मिस्त्रीचं काम नाही, हे आम्ही स्वतः पैसे घालून शिकलो. आमच्या एका ट्रॅक्टरचं तेल झिरपत होतं. एका वर्कशॉपात दिला. त्यानं सील बदलले, तारा परत बसवला. बसवताना दांड्याची खूण ताऱ्याच्या खाचेशी जुळवायची असते. ती एक दात चुकली. इंजिन सुरू केलं तसं स्टिअरिंग आपोआप गरागरा फिरायला लागलं, चरकासारखं. मिस्त्रीचा अंगठा दांडीत सापडला. नशिबानं ट्रॅक्टर जॅकवर होता. तेव्हापासून आमचा नियम: यंत्र उघडलं असेल तर पुढची चाकं उचलूनच इंजिन सुरू करायचं, आणि स्टिअरिंगवर कुणाचाही हात नको. पाइप उलटसुलट जोडले गेले तरी असाच घोटाळा होतो. डावीकडं फिरवलं की उजवीकडं वळतो. सोडण्याआधी पाइपांना रंगीत चिंध्या बांधा आणि तोंडं स्वच्छ प्लास्टिकनं बंद करा. आतल्या फटी केसापेक्षा बारीक असतात. गोठ्याच्या अंगणात उघडलं तर एक धुळीचा कण पुरतो.

यंत्र झिजलं की नाही हे ओळखायला एक घरगुती माप आहे. स्टिअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत न्या आणि हलक्या हातानं, क्षणभरच, आणखी ओढा. ते थोडं थोडं सरकत राहतं, सगळ्यांतच सरकतं. ट्रॅक्टर नवा असताना किती सरकत होतं ते वहीत लिहून ठेवा. पुढं तेच तुमचं माप. दुप्पट-तिप्पट झालं की सिलिंडरचे सील किंवा ते यंत्र, दोन्हींपैकी एक गेलं.

घ्यावं का न घ्यावं, हा प्रश्न मघाशी एका बहिणीनं विचारला. आमचं मत सांगतो, पटलं तर घ्या. २०१२ पासून राज्य सरकारची जी योजना आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर नव्वद टक्के अनुदानावर, त्या आकाराच्या पुष्कळ ट्रॅक्टरांना साधंच स्टिअरिंग येतं, आणि तेवढ्या वजनाला ते पुरतं. काळजी कसली असेल तर ग्रीसची. गटाचा ट्रॅक्टर दहा हातांत फिरतो आणि ग्रीसगन कुणाच्याच हातात नसते. पण चोवीस-सत्तावीस अश्वशक्तीचा, चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर घेणार असाल, दिवसभर कोळपणी करणार असाल, घरात वय झालेला माणूस किंवा बाईमाणूस चालवणार असेल, तर पॉवर स्टिअरिंग घ्या, डोळे झाकून घ्या. खांदे वाचतात. साठीतला माणूस आठ तास ओळी काढतो हे आम्ही पाहिलंय, आणि साध्या स्टिअरिंगवर तो दुपारीच उतरला असता.

मात्र घेताना विचारा, कोणतं? माहितीपत्रकावर नुसतं 'पॉवर' लिहिलेलं असतं. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर खाली वाका आणि बघा. स्टिअरिंगकडून चाकाकडं लोखंडी दांडी जाते की नुसते पाइप जातात. नुसते पाइप असतील तर हायड्रोस्टॅटिक. मग सिलिंडरला दांडा एकीकडून की दोन्हीकडून, तेलाची टाकी वेगळी की एकच, सीलचा संच शहाद्यात मिळतो की नाशिकहून येतो, आणि पंप-सिलिंडर हमीत धरलेत की वगळलेत. हे बिलावर लिहून मागा. तोंडी हमी पावसाळ्यात वाहून जाते.

बाहेर चिंचेखाली एक छोटा ट्रॅक्टर उभा करून ठेवलाय, हायड्रोस्टॅटिकवाला. चावी आमच्याकडं आहे. चहा येईपर्यंत प्रत्येकानं एकदा बसायचं. आधी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग फिरवा, मग इंजिन बंद करून फिरवा, दोन्ही हातांनी. ज्या घरात पोरगा किंवा सून ट्रॅक्टर चालवते त्यांनी त्यांनाच पुढं पाठवा, स्वतः बसून उठू नका.